नावापुढचा कोड

लॉरेल फोर्कच्या दवाखान्यात बिलं पाठवायचं काम आर्लेटा नेपियरकडे होतं. डॉक्टर ब्रॅशियरबाई पेशंट तपासून चार ओळी लिहायच्या आणि त्या चार ओळींना विमेवाल्यांना समजतील असे कोड आर्लेटा बसवायची. साखरेला एक कोड, गुडघ्याला दुसरा, तान्ह्या पोराच्या कानदुखीला तिसरा. कोड चुकला की बिल परत यायचं आणि पेशंटला औषधाच्या दुकानातून हात हलवत घरी जावं लागायचं. आर्लेटाच्या हातून असं सहसा होत नसे. त्यामुळे दवाखान्यात तिचा मान होता, आणि तो तिला मनापासून आवडायचा.

मंगळवार मात्र तिला आवडत नसे. मंगळवारी गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडलेली, पडू बघणारी माणसं यायची. दुखण्यावरच्या गोळ्या, त्याच ज्या आमच्या या डोंगरात एके काळी खाणीच्या डॉक्टरांनी चण्यांसारख्या वाटल्या होत्या. आता या माणसांना जिभेखाली ठेवून विरघळवायची औषधाची पट्टी मिळायची. ती रोज घेतली की गोळीची ओढ शमते, अंग थरथरत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. त्यांचा कोड एफ अकरा पॉइंट वीस. त्यावरून दवाखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, अकरा-वीसवाले.

आर्लेटा त्यांना कधी टाकून बोलली नाही. फक्त बाकीच्यांना ती "काय गं, आई कशी आहे?" असं विचारायची आणि यांना जन्मतारीख. खिडकीची काच यांच्यासाठी जेमतेम कागद जाईल एवढीच सरकायची. शाळेत तिच्याच बाकावर बसलेली एक बाई एका मंगळवारी ओळखीचं हसून म्हणाली, "आर्लेटा, ओळखलंस ना?" तेव्हा ही कागदावरून मान वर न करता म्हणाली, "जन्मतारीख सांगा." शेजारी बसणारी डीड्रा, जी फोन घ्यायची आणि वेळा द्यायची, तिला ते बघून अवघडल्यासारखं झालं. पण ती वयानं लहान, बोलणार काय?

आणि आर्लेटाच्या स्वतःच्या घरात त्याच कोडाचा माणूस राहत होता. तिचा नवरा, कार्लिस.

कार्लिस खाणीत छताला आधाराचे बोल्ट मारायचा. एक दिवस छताची शिळा सुटली आणि त्याच्या पाठीवर आली. जीव वाचला, पाठ गेली. गोळ्या सुरू झाल्या त्या तिथून. पुढची वर्षं आर्लेटाला आठवायला नको वाटायची. त्यातलं सगळ्यात वाईट तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांतलं. आईला कर्करोग होता, अंथरूण पुढच्या खोलीत टाकलेलं, उशाशी गोळ्यांची बाटली. शेवटच्या आठवड्यात बाटली मोजणीपेक्षा आधीच रिकामी झाली. आई कण्हत राहिली, आणि आर्लेटानं घरी येणाऱ्या नर्सला दोष दिला, फोन करून तिची तक्रारही केली. आईला पुरल्यावर कार्लिसनं स्वतःहून सांगितलं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून सांगितलं, कारण त्याला उभं राहवत नव्हतं.

तिनं त्याला घराबाहेर काढलं. मग पुन्हा घेतलंही. पण अट घातली: औषध घ्यायचं ते डोंगरापलीकडच्या काउंटीत, जिथे नेपियर कोण हे कुणाला ठाऊक नाही. चर्चमध्ये, शेजारी, तिच्या बहिणीकडे, कुठेही चकार शब्द काढायचा नाही. कार्लिसनं मान डोलावली. तेव्हापासून तो दर महिन्याला घाट ओलांडून जायचा आणि यायचा. वर्षं गेली. तो सुधारला, अगदी खरा सुधारला. चर्चची गाडी चालवू लागला. रविवारी सकाळी घराघरांतून म्हाताऱ्यांना हात धरून गाडीत बसवायचा आणि प्रार्थना झाली की परत सोडायचा. लोक म्हणायचे, कार्लिससारखा माणूस नाही. आर्लेटा ते ऐकून घ्यायची. तिला वाटायचं, तुम्हाला काय माहीत.

एका वसंतात पलीकडचा दवाखाना अचानक बंद झाला. तिथला डॉक्टर आजारी पडला, दारावर चिठ्ठी लावली आणि संपलं. कार्लिसकडे मोजक्या पट्ट्या उरल्या होत्या. जवळपास हे औषध देणारा दवाखाना एकच, आर्लेटाचा.

तिनं डॉक्टर ब्रॅशियरबाईंना एकटं गाठून सांगितलं. बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही, "मंगळवारी आण त्याला" एवढंच म्हणाल्या. आर्लेटा म्हणाली, मंगळवारी नको. मग गुरुवारी, डीड्रा घरी गेल्यावर, कार्लिसला मागच्या दारानं आत घेतलं. तो टोपी हातात धरून त्या अरुंद बोळातून आला, जिथे सफाईच्या बादल्या ठेवतात. बाईंनी तपासलं, पाठीवर हात ठेवला, लिहिलं आणि गेल्या. त्यांना दूरच्या लेकीकडे जायचं होतं. जाताना म्हणाल्या, काही लागलं तर रात्री-अपरात्री फोन कर.

आता विम्याकडून मंजुरी मागायची होती. त्यात एक चौकोन असतो, आजाराचा कोड घालायचा. आर्लेटानं नाव टाकलं: नेपियर, कार्लिस. पत्ता टाकला, स्वतःच्या घराचा. आणि त्या चौकोनापाशी तिचा हात थांबला. उद्या परतीचा कागद डीड्राच्या हातात येणार. डीड्रा वाचणार. डीड्राची सासू चर्चमध्ये तिच्या पुढच्याच बाकावर बसते. बाईंनी लिहिलेलं समोर होतं, स्पष्ट होतं. आर्लेटानं तिथे पाठदुखीचा कोड घातला. मनाला म्हणाली, पाठ तर दुखतेच ना त्याची. खोटं कुठे आहे? आणि पाठवून दिलं.

तिला माहीत नव्हतं असं नाही. या पट्ट्या पाठदुखीवर मंजूर होत नाहीत, हे दुसऱ्या कुणाच्या कागदावर तिनं झोपेतही ओळखलं असतं. पण त्या संध्याकाळी तिनं ते स्वतःला आठवू दिलं नाही.

शुक्रवारी दुपारी कार्लिस औषधाच्या दुकानात गेला. उरलेली शेवटची पट्टी त्यानं सकाळीच घेतली होती. दुकानदार हॅडिक्स त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की मंजुरी नाकारली आहे, आजार पाठदुखी लिहिलाय. रोख पैसे घेऊन हे औषध तो कुणालाच देत नसे, तो त्याच्या दुकानाचा नियम होता. पण डॉक्टरीणबाईंनी फोन केला तर सोमवारपर्यंत पुरतील एवढ्या पट्ट्या मी देईन, असं त्यानं सांगितलं.

कार्लिस घरी आला तेव्हा आर्लेटा शेगडीपाशी घेवड्याचे दाणे ढवळत होती. तो दारातच उभा राहिला.

"हॅडिक्स म्हणतो, पाठदुखी लिहिलंय."

ती ढवळत राहिली. "चुकून झालं असेल."

"तुझं चुकत नाही," कार्लिस म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त थकलेला होता. त्यानं विचारलं, "मी काय आहे ते तुला लिहवलं नाही, असंच ना?" तिनं शेगडीची आच कमी केली. मग तो म्हणाला, "जाऊ दे. बाईंना फोन करशील?"

"करते," ती म्हणाली.

फोन घेऊन ती मागच्या ओसरीवर गेली. दार ओढून घेतलं. नंबर तिला पाठ होता. पण बोलायचं काय? तुम्ही लिहिलेलं मी बदललं, असं? तिची सारी इज्जत त्या दवाखान्यात होती. बाई इतरांना सांगायच्या, आर्लेटानं तपासलंय ना, मग मला बघायची गरज नाही. ती तशीच उभी राहिली. खालच्या ओढ्याचा आवाज येत होता. मग आत येऊन तिनं सांगितलं, "उचलत नाहीत."

कार्लिसनं विश्वास ठेवला. खोटं बोलायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. त्याला वाटत होतं की घरानंच सोडलंय.

शनिवारी सकाळपासून त्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक गळायला लागलं, अंगावर काटा, घाम. पाय एका जागी राहिनात. आर्लेटा म्हणाली, हॉस्पिटलात जाऊ या. तिला वाटत होतं तो नको म्हणेल, आणि तो नकोच म्हणाला. "तिथे तुझी बहीण आहे कामाला," तो म्हणाला. "तुला नाही चालायचं ते." पुन्हा दुपारी त्यानं विचारलं की बाईंचा फोन लागला का. तिनं पुन्हा नाही सांगितलं. दुसऱ्यांदा ते पहिल्याइतकं जड गेलं नाही, आणि तेच तिच्या अंगावर आलं.

संध्याकाळी तो भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात आला आणि गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "ही तुझ्यापाशी असू दे. मी मागितली तरी देऊ नकोस. शिव्या दिल्या तरी देऊ नकोस."

खोऱ्याच्या तोंडाशी गोळ्या विकणारा कुठे राहतो, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिनं किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. पलीकडच्या खोलीतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि तिला आई आठवली, तीच खोली, तसंच कण्हणं. एक विचार तिच्या मनात येऊन गेला: भोगू दे की थोडं. तो विचार आला तसा तिनं झटकला, पण आला होता हे तिला कळलं. आपण लाजेपायी गप्प आहोत की सूड म्हणून, हेही तिला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

रविवारी चर्चची गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवली. आर्लेटा चर्चला गेली, कारण दोघंही गेले नाहीत तर लोक विचारतील. तरीही विचारलंच. ती म्हणाली, पोट बिघडलंय त्याचं. पास्टरनी ते ऐकलं आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना सांगितलं की बंधू कार्लिसच्या पोटासाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले. आर्लेटानंही मिटले. कान तापले होते.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण असतं. आर्लेटा केक कापत होती, तेव्हा ओव्हा जीन तिच्याजवळ येऊन उभी राहिली. ओव्हा जीन खाणमजुराची विधवा. साऱ्या खोऱ्याची ती मावशी. कार्लिस तिला दर रविवारी गाडीनं आणायचा.

"पोट नाही ना ते?" ती हळूच म्हणाली.

"पोटच आहे, मावशी."

"औषध मिळालं नाही का त्याला? पलीकडचा दवाखाना बंद झाला म्हणे."

आर्लेटाच्या हातातली सुरी थांबली. कुठलं औषध, असं काहीतरी ती म्हणाली. ओव्हा जीननं तिच्या हातून सुरी काढून बाजूला ठेवली आणि तिला भांड्यांच्या कपाटामागे नेलं.

"पोरी, तो केव्हाच सांगून बसलाय आम्हाला. चर्चमधल्या पुरुषमंडळींच्या न्याहारीला, सगळ्यांसमोर उभं राहून. तुझ्या आईच्या गोळ्यांचंसुद्धा सांगितलं. माझ्या धाकट्याला पहिल्यांदा डोंगरापलीकडे कुणी नेलं असेल? त्यानंच. आणखी किती जणांना नेलं असेल देव जाणे."

"मग मला कुणीच..."

"त्यानंच बजावलं होतं. म्हणाला, तुम्हाला ठाऊक आहे हे आर्लेटाला कळू देऊ नका. तिला लाज वाटेल."

 घटकेपूर्वी त्या सगळ्यांनी डोळे मिटून पोटासाठी प्रार्थना केली होती. ठाऊक असून केली होती. तिच्यासाठी. इतकी वर्षं ती ज्यांच्यापासून लपवत होती, तेच तिला सांभाळून घेत होते, जसं एखाद्या वेडसर माणसाला घेतात. डीड्राच्या सासूलाही ठाऊक असणार. म्हणजे डीड्रालाही.

ओव्हा जीननं तिच्याकडे नीट बघितलं. "तू काही करून बसलीयस का?"

 आर्लेटा जिना चढून बाहेर गाड्या लावतात तिथे आली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी लगेच उचलला.

तिनं सगळं सांगितलं.  मग बाई म्हणाल्या, "नकार शुक्रवारी आला?"

"हो."

"आणि फोन आज करतेस."

त्या दोन दिवसांबद्दल बाई त्यापुढे काही बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. हॅडिक्सला सांगते, तू दुकानापाशी जाऊन थांब, एवढं म्हणून फोन ठेवला. हॅडिक्स रविवारच्या कपड्यांतच आला, जेवणावरून उठून. मागचं दार उघडून त्यानं पाकिटं तिच्या हातात दिली. तिनं आभार मानले तेव्हा तो म्हणाला, "माझे कसले मानतेस? लवकर जा."

कार्लिस न्हाणीघराच्या फरशीवर बसला होता, गाल टबाच्या गार कडेला टेकवून. त्याला पाकीट फाडता येईना. तिनं फाडलं. पट्टी जिभेखाली ठेवली की ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. तेवढ्या वेळात आर्लेटानं त्याच्याशेजारी फरशीवर बसून सांगून टाकलं. बाईंनी काय लिहिलं होतं, हिनं काय घातलं, शुक्रवारी ओसरीवर फोन लावलाच नव्हता, शनिवारीही नव्हता. ओव्हा जीन काय म्हणाली तेही. तो समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होता. त्याला उत्तर देता येत नव्हतं म्हणूनच तिला बोलता आलं, हे तिला बोलताना कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

पट्टी विरघळली. "मी तुला किल्ली दिली होती," तो म्हणाला. बाकी काही नाही.

त्या दिवसापासून तो त्यांच्या लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपू लागला.

बाई परत आल्या तेव्हा त्यांनी आर्लेटाला समोर बसवलं. कामावरून काढतील असं तिला वाटत होतं, तिची तयारीही होती. त्यांनी काढलं नाही. यापुढे स्वतःच्या घरातल्या माणसाचा कागद तिनं लिहायचा नाही आणि तिचे बाकीचे कागदही त्या स्वतः वाचून मगच जाऊ देतील, असं सांगितलं. मग कार्लिसची नवी मंजुरी त्यांनी स्वतः भरली. त्यात त्यांनी अकरा-वीस घातलं नाही, अकरा-एकवीस घातलं. म्हणजे व्यसन होतं, आता आटोक्यात आहे. हा कोड आर्लेटाला ठाऊक होता. मंगळवारच्या माणसांपैकी कित्येक जण वर्षानुवर्षं नीट राहिले होते, तरी बाईंपुढे तिनं हा कोड कधी मांडला नव्हता, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं. विसावर कुणी प्रश्न विचारत नाही, एकविसावर विमेवाले अडवतात, एवढंच कारण. बाई स्वतःच्याच लिहिलेल्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "हे आपण दोघींनी केलंय." त्यानं आर्लेटाला हलकं वाटलं नाही.

आणि विमेवाल्यांनी खरंच अडवलं. आटोक्यात आहे तर औषध कशाला, असं विचारणारा कागद आला. बाई पेशंटमध्ये होत्या. मंगळवार होता, खुर्च्या भरलेल्या होत्या. डीड्रा म्हणाली, मी करू का फोन? आर्लेटा म्हणाली, नको, मीच करते. लिहिणार नाही मी, बोलेन नुसती.

फोनला खरखर होती. पलीकडची बाई प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"पेशंटचं नाव कार्लिस नेपियर," आर्लेटा म्हणाली. "हो, नेपियर. आजार गोळ्यांचं व्यसन, आता आटोक्यात. औषधामुळेच आटोक्यात आहे, म्हणून औषध चालू ठेवायचंय. नाही, पाठदुखी नाही. ते चुकीचं गेलं होतं. मी घातलं होतं चुकीचं. मुद्दाम." पलीकडून आणखी काही विचारलं. "मी बिलं बघते इथली. आणि बायको आहे त्याची."

खोलीत कुणी खोकललं. डीड्राची बोटं कळफलकावर तशीच चालत राहिली. मंजुरी मिळाली. फोन ठेवल्यावर आर्लेटानं खिडकीपलीकडच्या खुर्च्यांकडे बघितलं नाही. तिला वाटलं होतं की एकदा मोठ्यानं बोललं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. चेहरा जळत राहिला, दुपारपर्यंत जळत राहिला.

त्यानंतर मंगळवारचे जुने कागद बाईंसोबत बसून तिनं एकेक काढले आणि जे एकविसात बसत होते ते बदलायला लावले. काही पास झाले, काही परत आले, तिनं फोन केले. कुणी तिचे आभार मानले नाहीत, बहुतेकांना कळलंही नाही. चर्चमध्ये ती आता मागच्या बाकावर बसते. ओव्हा जीन येऊन तिचा हात दाबते, आणि आर्लेटाला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

उन्हाळा सरता सरता कार्लिस दोघांच्या खोलीत परत आला. काही न बोलता उशी घेऊन आला. एकदा दोघं अंगणात कणसं सोलत बसले असताना तिनं विचारलंच. सगळ्यांना ठाऊक आहे हे तू मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?

त्यानं हातातलं कणीस सोलून पाटीत टाकलं. "तुझं सगळंच घेतलं होतं मी," तो म्हणाला. "आईचे शेवटचे दिवससुद्धा. लोकांना काही माहीत नाही, एवढंच तुझ्याकडे उरलं होतं. तेही कशाला काढून घ्यायचं, असं वाटलं."

 आर्लेटानं पुढचं कणीस उचललं, आणि अंधार पडेपर्यंत दोघं सोलत राहिले.